घरात मतदार किती

मी मेलो असल्याचं मला मंगळवारी दुपारी कळलं, चहा यायच्या थोडं आधी. चंद्रपुरात प्रणितच्या छापखान्याची मागची खोली, फ्लेक्सच्या शाईचा डोकं धरणारा वास, आणि टेबलावर दोन याद्या. एक दोन हजार एकोणीसची, एक यंदाची. विधानसभा जवळ आली होती. आमच्या गोंडपिपरीकडच्या एका इच्छुकाला हवं होतं की जुन्या यादीतली कोणती नावं नव्या यादीत नाहीत ते कुणीतरी शोधून द्यावं. हे कुणीतरी म्हणजे मी. लग्नपत्रिकेपासून तेरवीच्या कार्डापर्यंत या छापखान्यातल्या सगळ्या दुरुस्त्या माझ्याकडे येतात. लोकांना वाटतं मी शिकलेला आहे. मी बारावी नापास आहे, पण चुकीची वेलांटी दिसली की माझ्या दातांत कणी अडकल्यासारखं होतं. हे मी नागपूरच्या तुरुंगात शिकलो, कागदकामाच्या खोलीत, साडेपाच वर्षं. चेक सोमणीची पानं, म्हणजे माझ्या गावाची, मी दोन दिवस गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली होती. भीती नव्हती, क्रम होता, असं स्वतःला सांगत होतो. मंगळवारी गठ्ठा संपला आणि तळ वर आला. जुनी यादी, घर क्रमांक एक्केचाळीस. शकुबाई कोहपरे, माझी आई, तिचा फोटो डोळे मिटलेला. तिच्या शेजारच्या चौकटीत मी, चोवीस वर्षांचा, मिशीवाला, आणि माझ्या तोंडावरून तिरपा शिक्का: वगळले. अनुक्रमांकाच्या आधी इंग्रजी ई. पानाच्या तळाला बारीक टायपात खुलासा होता. एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, क्यू म्हणजे अपात्र, ई म्हणजे मयत.

पहिला विचार दुरुस्ती करणाऱ्याचा आला: अक्षर चुकलंय. इथे क्यू हवा होता. ज्याला सजा झाली त्याचं मत गेलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, गेलेल्या गोष्टींच्या ढिगात तीही एक टाकून दिली होती. खरं सांगायचं तर तिथे क्यू असता तर मी मुकाट्याने पान उलटलं असतं. अपात्र हा शब्द मला नवा नव्हता, तो मी अंगातल्या बनियनसारखा वापरत होतो. पण मयत? लाल पेन हातात होतंच. मी त्या ई-भोवती गोल काढला आणि समासात प्रश्नचिन्ह केलं, तेरवीच्या कार्डावर करतो तसं. मग हात थांबला. ही चूक कुणाकडे परत पाठवायची, ते मला कळेना.

चहाचे दोन कप घेऊन प्रणित आला. छापखान्याचा मालक, वय अठ्ठावीस. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला त्याने कामावर ठेवताना फक्त मराठी टायपिंग येतं का एवढंच विचारलं होतं, म्हणून माझ्या हिशेबी तो शहाणा माणूस. "काय झालं, प्रफुलभाऊ? तोंड काऊन असं केलं?"

"काही नाई. मी मेलो."

त्याने यादी पाहिली, मला पाहिलं, परत यादी पाहिली. "मंग आजची हजेरी लावू का नको?"

मी हसलो. हसता आलं याचं मलाच नवल वाटलं. "मले वाटे, सजा झाली का मत नाई," मी म्हणालो. "इथं तर मामला वेगळाच निंगाला."

"कोण म्हणते? आत असते तवाच नाई. बाहेर आलं का सुरू. मागं आपण ते मतदार जागृतीचं पत्रक नाई का छापलं? त्यात होतं ना हे सारं. तुमीच तर तपासलं." मी तपासलं होतं. त्या पत्रकातल्या नऊ चुका मी काढल्या होत्या आणि त्यातलं एक वाक्यही वाचलं नव्हतं. प्रणितने चहा फुंकला. "सोपं काम हाये. इथीच टाका नाव, बाबूपेठेत. खोलीचा भाडेकरार हाये, नमुना सहा भरा, झालं. कोणी काही विचारत नाई, भाऊ."

कोणी काही विचारत नाही, हे त्याने सोय म्हणून सांगितलं, आणि मला तेच टोचलं. तीन वर्षं मी याच सोयीत राहत होतो. बाबूपेठेत माझी खोली गल्लीच्या टोकाला. शेजारी मला भाऊ म्हणतात आणि पुढे चालू लागतात. तिथे नाव टाकलं की मी एक्केचाळिसाव्या वर्षी नवा मतदार, भाड्याच्या खोलीत जन्मलेला, मागचा पुढचा कुणी नसलेला. आणि तिकडे चेक सोमणीत घर क्रमांक एक्केचाळीसमध्ये एक मेलेला प्रफुल तसाच राहणार, मिशीवाला, चोवीस वर्षांचा. त्याने काही केलं नव्हतं असं होणार. त्याला कुणी काही विचारू शकणार नव्हतं. मला त्या मेलेल्याचा एकदम राग आला. फुकट सुटला होता तो. मी प्रणितला म्हणालो, उद्या सुट्टी पाहिजे, आणि परवाचं सांगता येत नाही.

तुरुंगातला मतदानाचा दिवस मला त्या संध्याकाळी आठवत राहिला. लोकसभेचा होता, एप्रिलमधला, भिंतीवरून गाड्यांचे आवाज येत होते. आमच्या बराकीत एटापल्लीकडचा झाडू नावाचा एक म्हातारा होता. त्याला सजा झालेली नव्हती, खटलाच उभा राहत नव्हता, चार वर्षं तो नुसता वाट बघत होता. त्यालाही मत नव्हतं. आत असलेल्या कुणालाच नसतं, सजा झालेली असो नाहीतर नसो. नव्हतं म्हणजे एक जण सोडून. शहरातला एक दादा होता, तीन ठाण्यांचे पोलीस ज्याच्या नावाने घाम पुसत. त्याच्यावर खटला नव्हता, वर्षभरासाठी स्थानबद्ध करून ठेवला होता, आणि अशाला म्हणे पोस्टाने मत देता येतं. त्याचं पाकीट आलं. तो कागद मांडीवर घेऊन बसला, दुसऱ्या हाताने आडोसा केला, परीक्षेत हुशार पोरं करतात तसा, आणि आम्ही सगळे पाहत राहिलो. कोणी थट्टा केली नाही. झाडूबुवा मला हळूच म्हणाला, "तिकडं माहं नाव कोणी खोडलं तर नसन ना रे, पोरा?" मी म्हणालो, नाव कोण खोडते, बुवा. खोडून काय मिळते कोणाले. तेव्हा मी त्याची समजूत काढली, आणि त्याच वेळी तिकडे कुणीतरी माझं नाव खोडून बसलं होतं.

बुधवारच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. पावसाळ्याचे दिवस, रोवणी आटोपलेली, दोन्ही बाजूंनी हिरव्या बांध्या आणि त्यांत गुडघाभर पाणी. भाताच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी असंच पाणी होतं, किंवा नव्हतं, म्हणून तर झालं ते. पावसाने ओढ दिली होती, वरची बांधी बिरजूदादाची, खालची माझी. बिरजूदादा माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आमची घरं एका भिंतीची, आमच्या बांध्या एका धुऱ्याच्या, म्हणजे मधला बांध एकच. मी धुरा फोडला, त्याने बुजवला, मी परत फोडला. तिसऱ्या वेळी तो फावडं घेऊन बुजवायला वाकला आणि मी म्हणालो, हात लावून पाह्य. त्याने लावला. माझ्याही हातात फावडंच होतं. मी ते उलटं फिरवलं, म्हणजे मला दांड्याने मारायचं होतं, पात्याने नाही. कोर्टात वकिलाने यावर अर्धा तास लावला आणि त्यामुळे माझी सजा सात वर्षांवर आली, सूट धरून साडेपाच भोगली. पण दांडा कानामागे लागला. बिरजूदादा धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, थांब जरा. मला वाटलं तो मला थांब म्हणतोय. तिसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. जेव्हा जेव्हा मी हे आठवतो तेव्हा दांडा फिरवायच्या आधीचा क्षण सापडत नाही. शोधतो, आणि प्रत्येक वेळी दांडा फिरलेलाच असतो. माझ्याकडून झालं असं मी कधी म्हणत नाही. मी केलं. तुरुंगात हे वाक्य दुरुस्त करायला मला दोन वर्षं लागली होती.

तालुक्याच्या कचेरीत निवडणुकीच्या टेबलावरचा कारकून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होता. मी माझी हकीकत सांगितली, उभ्यानेच, आवाज न चोरता. सजा, कलम, सुटकेचा दाखला, सगळं टेबलावर मांडलं. मागे रांगेत लोक होते. कारकुनाने खिडकीबाहेर थुंकून तोंड मोकळं केलं. "तुरुंग आडवा येत नाई, भाऊ. सुटून आले ना? मंग विषय खतम. पण तुमी मयत हायत, ते आडवं येते."

"मी समोर उभा हाये."

"मले दिसून राह्यलं ना. कागदाले नाई दिसत." त्याने नमुना सहाचा कोरा फॉर्म सरकवला. तसा तो वाईट माणूस नव्हता, कारण पेन स्वतःचं दिलं. "राहता कुठी?"

"चंद्रपूरले. कामाले."

"मंग तिकडंच भरा. जिथं राहता तिथलं मत. चेक सोमणीले राहतो म्हणून लिहिलं, आन् राहत नसान, तर खोटं लिहिल्याचं वेगळं कलम हाये. तुमाले सांगून ठेवतो, तुमी आधीच एक भोगून आले."

पेन रहिवासाच्या रकान्यावर थांबलं. इतका वेळ मला वाटत होतं की मी एक चूक दुरुस्त करायला आलोय. चूक दुरुस्त करून माणूस संध्याकाळच्या बसने परत जातो. हा रकाना मला परत जाऊ देत नव्हता. मला तिथे मत पाहिजे तर मला तिथे राहावं लागणार होतं, त्या घरात, त्या भिंतीला लागून, रोज. सुटलो तेव्हा आई तुरुंगाच्या दारात म्हणाली होती, गावात नको येऊ इतक्यात. मी त्या इतक्यातची तीन वर्षं केली होती, आणि त्याला आईची आज्ञा म्हणत होतो. मी लिहिलं: चेक सोमणी. वेलांटी पाहिली, दीर्घ होती, बरोबर होती. तेवढ्याने माझी बाबूपेठेची खोली सुटली, प्रणितकडची नोकरी सुटली, आणि मला हलकं बिलकं काही वाटलं नाही. जबडा मात्र घट्ट बसला. लहानपणी चावडीवर मला ज्याच्यासाठी अडेलतट्टू म्हणत ते परत आलं होतं आणि या वेळी मला त्याची गरज होती.

"दोन दिवसांत चौकशीले घरी येईल तुमची बीएलओ," कारकून म्हणाला. प्रत्येक गावाची यादी सांभाळायला एक जण नेमलेला असतो, कुठे मास्तर, कुठे अंगणवाडीची बाई, त्याला बीएलओ म्हणतात. तिने डोळ्यांनी पाहून लिहायचं की माणूस आहे. त्याने रजिस्टर उघडलं. "चेक सोमणी. अंगणवाडी सेविका. उर्वशी बिरजू कोहपरे."

उर्वशीवहिनी. बिरजूदादाची बायको. तो गेल्यावर तिला अंगणवाडीचं काम मिळालं एवढं मला माहीत होतं. हे दुसरं माहीत नव्हतं. चेक सोमणीपर्यंतचे सात किलोमीटर मी चालत गेलो आणि सातही किलोमीटर मनात तिच्याशी भांडत गेलो. म्हणजे तिनेच लिहिलं. मेला म्हणून लिहिलं, आपल्या हाताने. मला जे वाटलं ते लपवून उपयोग नाही: मला बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्या बाजूला काहीतरी चुकीचं होतं, आणि माझ्या बाजूला कायदा होता. मी वाक्यं जुळवली. वहिनी, तुमचा राग मले समजते, पण सरकारी कागद हा सरकारी कागद असते. हे वाक्य मी इतक्या वेळा घोळलं की ते गुळगुळीत झालं, आणि गुळगुळीत झालं तसं मला त्याची लाज वाटायला लागली. तरी सोडलं नाही. हातात काहीतरी असलेलं बरं.

आई ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने आधी गल्लीत पाहिलं, दोन्हीकडे, मग मला. "आला?" म्हणाली. "आत ये. दार लोट." वर्षातून एकदा ती मला भेटायची, चैत्रात, चंद्रपूरला महाकालीच्या जत्रेला आली की. देवळामागच्या पाराजवळ बसून आम्ही तिने आणलेली भाकर आणि जवसाची चटणी खायचो, गर्दीत, कुणी ओळखीचं दिसलं की ती पदर पुढे ओढायची. मी दार लोटलं नाही. पाटावर बसलो आणि तिला यादीचं सांगितलं. वहिनीने मला मेलेला लिहिलं, सांगितलं. माझा आवाज चढला होता, मधली भिंत एकच आहे हे माहीत असून चढला होता.

आईने सूप खाली ठेवलं. "तिनं नाई लिहिलं तसं. मी सांगतलं."

मी पाटावरून तिच्याकडे सरकलो.

"यादीचं काम नवीनच भेटलं होतं तिले. दारात उभी राह्यली, वही घेऊन. कपाळ रिकामं. दिव्यानी कडेवर. बिरजू गेला तवा पोर तीन वरसाची, सहा वरसाची झाली तरी कडेवरच घेऊन फिरे. मले विचारते, काकू, घरात मतदार किती? आता मी काय सांगू? तिच्या घरातला एक तुह्यानं कमी झाला. आन् मी तिले सांगू, माह्या घरात दोन? माहं तोंडच उचलेना. मी म्हटलं, तुह्या घरात जितके, तितकेच माह्या घरात. एक. तिनं विचारलं, मंग प्रफुल? मी म्हटलं, नाई तो." आईने सुपातला एक खडा उचलला आणि अंगणात टाकला. "तिनं कागद पुढं केला. मी आंगठा देला."

नाई तो. आमच्याकडे बाहेर गेलेल्यालाही असंच म्हणतात आणि कायमच्या गेलेल्यालाही असंच. बाजारात गेलेला बाप नाई, आणि मसणात गेलेलाही नाई. म्हणजे आईच्या शब्दात खोटं काही नव्हतंच. मी तर दुरुस्त्या करणारा, इथे कोणतं अक्षर बदलणार होतो? आई त्या दिवशी भरपाई देत होती. घरात दुसरं काही द्यायला नव्हतं, म्हणून तिने माझं नाव दिलं, दारात उभ्या असलेल्या बाईच्या वहीत, शेजारधर्माने. समजलं मला. समजलं आणि तरी राग आलाच, कारण समजण्याने राग जात असता तर मी नऊ वर्षांपूर्वी तो दांडा फिरवलाच नसता.

"मी काय माप हाये का, माय? इकडचं तिकडं घालून बरोबर करायले?"

"गावात मेला आन् जत्रेत जित्ता. तितका तर ठेवला होता ना तुले मी." तिचे डोळे कोरडे होते. "मताचं काय लोणचं घालतं? चंद्रपूरले खाऊनपिऊन सुखी हायेस. तिले कायले उकरतं?"

जे म्हणायचं होतं ते तुरुंगातल्या दुसऱ्या वर्षापासून होतं माझ्याकडे, पण कुणाला म्हणायचं ते नव्हतं. "माय, मेलेल्याले सजा नसते. मी भोगली. साडेपाच वरसं भोगली आन् बाहेरची तीन. ते माही हाये. मी मेलो म्हटलं का ते बी गेली, मंग बिरजूदादाले मारलं कोणं? कोणीच नाई? मी इथी राहीन. ग्रामसभेत बसीन. कोणी उठून जाईन तर जाऊ दे. कोणी विचारीन तर सांगीन." आई माझ्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि तांदूळ धुवायला आत गेली, दोन माणसांचे. मी ते मोजले नाहीत, पण भांडं मोठं घेतलेलं दिसलं.

उर्वशीवहिनी दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. दोन घरांमधलं अंतर चार पावलं, पण ती रस्त्याने वळसा घालून, दारातून आली, सरकारी कामाला यावं तशी. खांद्याला पिशवी, हातात वही, गळ्यात ओळखपत्र. केस कानांजवळ पांढरे झाले होते. मी उभा राहिलो. वाटेत घोळलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं, कारण आता ते चुकीचं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ओसरीवर बसली, चष्मा लावला, फॉर्म मांडीवर घेतला.

"अर्जदाराचं नाव?"

"प्रफुल शामराव कोहपरे."

"इथी राहता?"

"हो."

"कवापासून?"

"कालपासून."

पेन क्षणभर थांबलं. "राहणार हाये का जाणार?"

"राहणार."

तिने लिहिलं. अक्षर गोल, सुबक, अंगणवाडीच्या फळ्यावरचं. मी उलट्या बाजूने वाचत होतो, सवयच आहे. अर्जदार प्रत्यक्ष भेटला. पुढे कंसात तिने लिहिलं, जिवंत. हा शब्द लिहिताना तिने जराही वेळ घेतला नाही. आई दारात येऊन उभी होती.

"माही चूक होती, उर्वशी," आई म्हणाली. "मी बोलली होती तवा. लिव्ह तसं. बुढीची चूक झाली."

"चूक नोहे ते, काकू." वहिनीने चष्मा काढला. "मले काय माईत नव्हतं, हा जित्ता हाये म्हणून? साऱ्या गावाले माईत होतं. नागपूरले हाये, माईत होतं. तुमी नाई म्हटलं आन् मी लिहून टाकलं, काऊन का मले बरं वाटलं. त्या रोजी पहिल्यांदा बरं वाटलं." मग ती माझ्याकडे वळली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचे डोळे माझ्यावर आले. लग्न होऊन आल्यापासून ती मला भावजी म्हणायची, तुमी म्हणायची. "गेलेल्या माणसाच्या नावानं बोलत नाई आपल्यात. म्हणून तुह्या नावानं मी कोणापाशी एक सबद नाई काढला. विहिरीवर नाई, माहेरी नाई. पोरीनं विचारलं, बाबाले कोणं मारलं, तिले म्हटलं, तो बी गेला बाई, जाऊ दे. सहा वरसं तोंड शिवून बसली मी."

तिने फॉर्मच्या खाली सही केली. तारीख घातली. सही पाहून मी माझ्या नकळत मान हलवली, बरोबर आहे म्हणून, छापखान्यात हलवतो तशी. कागद तिने माझ्यापुढे धरला आणि मी जिथे करायची तिथे सही केली.

"झालं," ती म्हणाली. "यादी लागन तवा नाव येईल तुहं. मत दे नाईतर नको देऊ, तुही मर्जी." तिने फॉर्म पिशवीत घातला, वही घातली, पेनचं टोपण लावलं. मी वाट पाहत होतो की ती उठेल. ती उठली नाही. पिशवी बाजूला सरकवून ओसरीवर मांडी घातली तिने, बसायलाच आल्यासारखी. "आता तू जित्ता हायेस. सरकारात लिहून देलं मी. आता मले बोलता येते."

आई आत वळली. "काकू, तुमी बी बसा," वहिनी म्हणाली, आणि आई जागच्या जागी उंबऱ्यावर बसली.

मला उठून जाता आलं असतं. नमुना सहा पूर्ण झाला होता, सगळे रकाने भरले होते, माझं काम झालं होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिने एकदा घसा खाकरला आणि त्या दिवसाच्या सकाळपासून सुरुवात केली. त्या सकाळी चुलीवर भात व्हायचा होता, ती थांबा म्हणाली होती, आणि बिरजूदादा पाणी जाईन म्हणून उपाशीच बांधीत गेला होता. हे कोर्टाच्या कोणत्याच कागदात नव्हतं.